जुन्या मोटारीवरचे अनोळखी शॉक ॲब्सॉर्बर : तेल घालण्यापूर्वी ओळख पटवा

दुरुस्ती झाली, नवे बुश बसले, पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) खोलून, ग्रीस लावून पुन्हा चढवले आणि तरीही काही आठवड्यांत गाडी पूर्वीसारखीच वागू लागली, अशी तक्रार १९४० पूर्वीच्या मोटारींबाबत बडोद्यात मी पुन्हा पुन्हा ऐकतो आणि पुन्हा पुन्हा दुरुस्त करतो. बहुतेक वेळा दोष सुट्या भागात नसून निदानात असतो. चाकाजवळचा शॉक ॲब्सॉर्बर, म्हणजे पाट्यांचे हेलकावे आवरणारे यंत्र, मूळ कारखान्याचा नसून नंतर बसवलेली ॲक्सेसरी असते, ती कोणत्या तत्त्वावर चालते हे कोणी पाहिलेले नसते, आणि कोरड्या घर्षणावर चालणाऱ्या यंत्रात तेल, तर ग्लिसरीनवर चालणाऱ्या यंत्रात ग्रीस भरलेले असते.

लक्षणे

गतिरोधक ओलांडल्यावर गाडीचे एक टोक दोनपेक्षा अधिक वेळा खालीवर होत राहते, हे सर्वांना ठाऊक असलेले लक्षण आहे. याच्या अगदी उलट लक्षणाकडे मात्र सहसा दुर्लक्ष होते. हळू चालताना रस्त्यावरचा लहानसा खडाही अंगाला जाणवतो, पाटे जणू हलतच नाहीत, आणि वेग वाढल्यावर तीच गाडी तरंगू लागते. वळताना किंवा गाडीत चढताना चाकाजवळून कर्कश आवाज येणे, भरलेले तेल काही दिवसांतच फरशीवर ठिबकणे, डाव्या व उजव्या बाजूची उंची वेगळी दिसणे, चासीवरून एखादा पट्टा सैल लोंबत राहणे, आणि आणलेला सुटा भाग आटे न जुळल्यामुळे न बसणे, ही बाकीची लक्षणे आहेत. यांपैकी दोन लक्षणे एकाच चाकाजवळ आढळली, तर पाना हातात घेण्यापूर्वी पुढील तपासण्या क्रमाने कराव्यात. पहिल्या काहींना खर्च नाही.

गाडीच्या कारखान्याचे पुस्तक येथे फारसे उपयोगी पडत नाही, कारण त्यात फक्त कारखान्याने बसवलेल्या भागांचे वर्णन असते. फोर्डच्या मॉडेल टी गाडीला कारखान्यातून शॉक ॲब्सॉर्बर मिळतच नसे, त्यामुळे तिच्यासाठी बाहेरच्या कंपन्यांनी नाना प्रकारची साधने विकली. संस्थानी काळात आपल्याकडे इंग्रज आणि अमेरिकन अशा दोन्ही बनावटींच्या गाड्या आल्या आणि त्यांच्यावर मालकाच्या किंवा विक्रेत्याच्या पसंतीची साधने चढली. एकाच गॅरेजमधल्या दोन गाड्यांवर पूर्णपणे भिन्न तत्त्वांची यंत्रे आढळतात, ती यामुळेच.

पहिली तपासणी : न पुसता, न सोडवता पाहणे

सर्वप्रथम चारही चाकांजवळचे भाग आहेत त्या अवस्थेत टॉर्चच्या उजेडात पाहावेत आणि त्यांची छायाचित्रे घ्यावीत. धूळ आणि तेलाचे डागही पुरावा असतात. तेल आतून पाझरले आहे की बाहेरून ओतले गेले आहे, हे एकदा पुसल्यावर कळत नाही.

कात्रीसारखे दोन दांडे मध्यभागी एका बोल्टवर जोडलेले असतील, तेथे चकत्यांची चळत, ताऱ्याच्या आकाराचा स्प्रिंग वॉशर, मोठा नट आणि कधी एखादा दर्शक काटा असेल, आणि तेल भरण्याचे बूच कोठेही नसेल, तर तो घर्षणावर चालणारा हार्टफर्ड पद्धतीचा शॉक ॲब्सॉर्बर होय. मूळ कल्पना फ्रान्सच्या त्रुफो यांची होती. अमेरिकेत एडवर्ड हार्टफर्ड यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ती त्रुफो-हार्टफर्ड या नावाने विकली. इंग्लंडमध्ये लंडनच्या टी. बी. आंद्रे कंपनीने आणि फ्रान्समध्ये रेपुसो यांनी याच पद्धतीचे उत्पादन केले. म्हणून केवळ आकारावरून देश ठरवता येत नाही. त्यासाठी पुढे आटे तपासावे लागतात.

चासीवर गोल डबी आणि तिच्यातून ॲक्सलपर्यंत गेलेला कापडी पट्टा दिसला, तर ते क्लीव्हलंडचे गॅब्रिएल स्नबर किंवा फिलाडेल्फियाच्या वॉटसन कंपनीचे स्टॅबिलेटर असण्याचा संभव आहे. पाटे दबले की डबीतील स्प्रिंग सैल झालेला पट्टा आत ओढून घेते, आणि पाटे उसळी घेऊ लागले की पट्ट्यावर घर्षणाचा ब्रेक लागतो. पट्टा कुजला की गॅरेजवाले डबीसकट सर्व काढून भंगारात देतात. हे पाहिले की मला मनापासून वाईट वाटते, कारण पट्टा नवा विणून किंवा शिवून घेता येतो, पण डबी पुन्हा मिळत नाही.

बंद धातूचे घर, त्यातून निघालेला एकच दांडा, दांड्यापासून ॲक्सलपर्यंत जोडणी आणि घरावर बूच, अशी रचना द्रवावर चालणाऱ्या यंत्राची असते. घर गोल असून आत पंखा फिरत असेल, तर ते हुडाय पद्धतीचे. पेटीसारखे घर असून आत दट्ट्या सरकत असेल, तर डेल्को-लव्हजॉय, किंवा इंग्रज गाडीवर लुव्हॅक्स अथवा आर्मस्ट्राँग. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. १९२८ ते १९३१ या काळातील फोर्ड मॉडेल ए गाडीला हुडाय कारखान्यातूनच मिळत असत, त्यामुळे त्या गाडीवर ते दिसले म्हणून दुर्मीळ ॲक्सेसरी सापडली असे समजू नये. दुसऱ्या एखाद्या गाडीवर तेच बसवलेले असेल, तर मात्र ती नोंद महत्त्वाची ठरते.

मॉडेल टी वरील हॅसलर हा प्रकार शॉक ॲब्सॉर्बर या नावानेच विकला जाई, पण त्यात फक्त जादा वेटोळ्या स्प्रिंगा असतात. तो हेलकावे थांबवत नाही, म्हणून तो बिघडला आहे असा निष्कर्ष काढू नये.

सर्वांत जास्त फसगत होते ती आंद्रे टेलिकंट्रोलच्या बाबतीत. दिसायला तो हार्टफर्डच, पण त्याच्या चकत्यांवरचा दाब चालकाला बसल्या जागेवरून बदलता येतो. त्यासाठी बारीक नळ्यांतून द्रवाचा दाब पोहोचवलेला असतो आणि डॅशबोर्डवर दाबाचा काटा असतो. हा काटा इंजिन ऑइलचा समजून काढला जातो, नळ्या निरुपयोगी म्हणून कापल्या जातात, आणि मग उरलेल्या अर्ध्या यंत्राला साधा हार्टफर्ड मानून नट आवळला जातो. हार्टफर्डजवळ कापलेल्या नळीचे टोक, तिची क्लिप किंवा डॅशबोर्डवर बुजवलेले जादा छिद्र आढळले, तर तेथेच थांबून त्या दिशेने शोध घ्यावा.

दुसरी तपासणी : हाताने दाबून पाहणे, आणि तिच्या मर्यादा

गाडीचा कोपरा दाबून सोडण्याची परीक्षा सर्व जण करतात, पण तिचा अर्थ यंत्राच्या प्रकारानुसार बदलतो. द्रवाचा विरोध वेगाबरोबर वाढतो. हळू हालचालीला तो थोडाच अडथळा करतो आणि जोराच्या धक्क्याला अधिक करतो. कोरड्या घर्षणाचे नेमके उलट असते. हालचाल सुरू करण्यास सर्वांत जास्त बळ लागते आणि एकदा चकत्या सरकू लागल्या की विरोध घटतो. म्हणून घट्ट आवळलेला हार्टफर्ड असलेली गाडी हाताच्या दाबाने हलतच नाही, मेकॅनिक तिला ठणठणीत ठरवतो, आणि मांडवीच्या आसपासच्या खडबडीत रस्त्यावर मालकाची कंबर धरते. हळू चालताना कडक आणि वेगात सैल, हे लक्षण घर्षणाच्या यंत्राचेच आहे. त्यावर नट आणखी आवळणे हा उपाय नाही.

पट्ट्याच्या प्रकारात कोपरा दाबून धरावा आणि दुसऱ्या माणसाने पट्टा पाहावा. पट्टा आत ओढला गेला, तर आतील स्प्रिंग जिवंत आहे. लोंबत राहिला, तर ती तुटली आहे किंवा डबी गंजाने अडकली आहे.

तिसरी तपासणी : अक्षरे वाचणे

आता पुसायचे, पण सुती फडका, थोडे रॉकेल आणि मऊ ब्रश एवढ्यानेच. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर आणि पितळेची पॉलिश यांना येथे स्थान नाही, कारण नावाच्या पातळ पट्टीवरची अक्षरे एकदा झिजली की ओळखीचा सर्वांत भक्कम पुरावा गेला. अक्षरे डोळ्यांना लागत नसतील, तर त्यांवर पातळ कागद धरून शिसपेन्सिल आडवी घासावी. उठावाची अस्पष्ट अक्षरे कागदावर बऱ्याचदा स्पष्ट उमटतात. साध्या लोहचुंबकाने घर लोखंडी ओतीव आहे की ॲल्युमिनियम किंवा पितळेचे, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

पेटंटचा क्रमांक मिळाला, तर तो काळाची खालची मर्यादा देतो. अमेरिकेचा दहा लाखावा पेटंट क्रमांक ऑगस्ट १९११ मध्ये आणि वीस लाखावा एप्रिल १९३५ मध्ये दिला गेला. त्यामुळे सात आकडी, एकने सुरू होणारा अमेरिकन क्रमांक या दोन तारखांच्या दरम्यानचा असतो. इंग्लंडमध्ये १९१५ पर्यंत दरवर्षी क्रमांक नव्याने सुरू होत आणि त्यासोबत वर्ष लिहावे लागे. १९१६ पासून १,००,००१ या क्रमांकापासून सलग मोजणी सुरू झाली. फ्रेंच भागावर ‘ब्रेव्हे’ या शब्दापुढे एस.जी.डी.जी. (‘सरकारी हमीशिवाय’) ही चार अक्षरे असतात. मात्र पेटंट मिळाल्यानंतर तोच भाग अनेक वर्षे तयार होत राहतो. म्हणून क्रमांकावरून ‘यापूर्वीचा नाही’ एवढेच म्हणावे, ‘याच वर्षीचा’ असे म्हणू नये.

मुलाम्याकडेही लक्ष द्यावे. निकेलची झाक किंचित पिवळसर असते, क्रोमची निळसर. मोटारींवर क्रोमचा वापर १९२० च्या दशकाच्या अखेरीस रूढ झाला. त्याआधीच्या म्हणवल्या जाणाऱ्या यंत्रावर क्रोम असेल, तर मुलामा तरी नंतरचा आहे किंवा यंत्र तरी.

चौथी तपासणी : ॲक्सेसरी की मूळ भाग

यंत्र चासीला कसे जोडले आहे, हे यंत्राइतकेच बोलके असते. कारखान्याचा ब्रॅकेट सहसा घडीव असतो, रिव्हेटांनी बसवलेला असतो, आणि डावी व उजवी बाजू एकमेकींची आरशातील प्रतिमा असते. नंतर बसवलेल्या भागाला ॲक्सलभोवती यू-बोल्टची पकड असते, चासीची छिद्रे किंचित तिरपी किंवा असमान अंतरावर असतात, आणि ब्रॅकेटच्या खाली मूळ रंग अजून शाबूत असतो. छिद्राच्या कडेला केसासारखी तडा दिसली, तर तपासणी थांबवून आधी तिचा बंदोबस्त करावा. चुकीच्या जाड तेलाने किंवा अतिघट्ट नटाने आलेला सारा भार त्याच जागी पडतो.

जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास राजवाड्यात जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन आणि परीक्षण झाले, तेव्हापासून येथील मालक काळाशी सुसंगत ॲक्सेसरीजची चौकशी अधिक करू लागले आहेत. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. परंतु हार्टफर्ड पद्धतीची नवी प्रतिरूपे आजही तयार होऊन विकली जातात. ती चालवायला उत्तम असतात, आणि विकणाऱ्याने तसे स्पष्ट सांगितले, तर त्यात आक्षेपार्ह काही नाही. पण शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तूचा दर त्यांना देऊ नये.

पाचवी तपासणी : आटे

येथे थोडा खर्च सुरू होतो. आटे मोजण्याचा गेज स्वस्तात मिळतो, आणि मकरपुऱ्यातील बहुतेक लेथवाल्यांकडे तो असतोच. इंग्रज बीएसएफ (ब्रिटिश स्टँडर्ड फाइन) आटे ५५ अंशांचे आणि अमेरिकन एसएई (सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्सच्या मापाचे) आटे ६० अंशांचे असतात. १/४ इंचाच्या बोल्टवर बीएसएफचे इंचाला २६ आणि एसएईचे २८ आटे असतात. ५/१६ इंचावर २२ आणि २४. ३/८ इंचावर २० आणि २४. फ्रेंच किंवा इटालियन भागावर मेट्रिक आटे अपेक्षित असतात. नाव पुसलेल्या हार्टफर्डच्या मधल्या बोल्टचे आटे अमेरिकन आहेत की इंग्रज, यावरून तो मूळ अमेरिकन कारखान्याचा की आंद्रेचा, याचा चांगला अंदाज येतो. शक्यतो एकापेक्षा अधिक बोल्ट मोजावेत, कारण एखादा पूर्वीच बदललेला असू शकतो. पहिले दोन फेरे हाताने न फिरणारा नट पान्याने पुढे ढकलणे म्हणजे पुरावा आणि भाग दोन्ही गमावणे होय.

सहावी तपासणी : जोडणी सोडवून दांडा हलवणे

गाडी चारही चाकांवर उभी असतानाच, चाकांना ठोकळे लावून, ॲक्सलकडची एक जोडणी सोडवावी; यासाठी जॅकची गरज नाही. दांडा हळू आणि मग जोरात हलवून पाहावा. द्रवाच्या यंत्रात हळू हालचाल सोपी आणि जोराची कठीण असली पाहिजे. मध्येच काही अंतर दांडा रिकामा फिरला, तर द्रव कमी आहे, हवा शिरली आहे किंवा आतील झीज झाली आहे. परंतु एका दिशेने पूर्ण सैल आणि दुसऱ्या दिशेने कडक असा दांडा बिघडलेलाच असतो असे नाही. जुनी अनेक यंत्रे केवळ उसळीला विरोध करण्यासाठीच बनवलेली असत, आणि असे निरोगी यंत्र अर्धे निकामी ठरवून फेकून दिल्याची उदाहरणे मला माहीत आहेत.

घर्षणाच्या यंत्रात दांड्याच्या टोकाला लटकवायचा स्प्रिंगचा वजनकाटा अडकवून ओढावा, आणि हालचाल सुरू होतानाचा व चालू असतानाचा असे दोन आकडे लिहून घ्यावेत. डाव्या व उजव्या बाजूचे आकडे जुळले पाहिजेत. दोन आकड्यांतील फरक फार मोठा असेल, तर चकत्या चिकटल्या आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरल्यानंतर लाकडी चकत्या फुगून अशा घट्ट झालेल्या गाड्या बऱ्याच दिसल्या. दोन्ही आकडे क्षुल्लक असतील, तर चकत्यांत तेल गेले आहे किंवा त्या झिजल्या आहेत. आवाज बंद व्हावा म्हणून बाहेरून तेल ओतण्याची सवय येथेच नडते: तेल चकत्यांच्या कडांना पोहोचते, मध्यभागी पोहोचत नाही, आणि घर्षण जागोजागी वेगळे होते.

सातवी तपासणी : द्रव कोणता

बूच उघडण्यापूर्वी भोवतालची जागा स्वच्छ करावी, कारण आत पडलेला वाळूचा कणही पंख्याच्या कडा खातो. आतील द्रवाचा एक थेंब पेलाभर पाण्यात सोडावा. तरंगला, तर ते खनिज तेल आहे. विरघळला, तर ते ग्लिसरीन आहे किंवा कोणी घातलेले ब्रेक ऑइल. टाकाऊ रंगीत पत्र्यावर थेंब ठेवला असता ब्रेक ऑइल रंग उचलते. दुधट द्रव म्हणजे आत पाणी आहे. फोर्ड मॉडेल ए च्या हुडायमध्ये मुळात ग्लिसरीनचा द्रव असे. ग्लिसरीन हवेतील ओलावा शोषते आणि खनिज तेलात मिसळत नाही, त्यामुळे एकावर दुसरे भरले की आत दोन थर होतात आणि विरोध अनिश्चित होतो. ९० नंबरचे गिअर ऑइल जाड म्हणून चांगले, ही समजूत विशेष घातक आहे. थंडीच्या सकाळी ते इतके घट्ट होते की जोडणी किंवा ब्रॅकेट तुटतो, आणि ४० अंशांच्या वरच्या उन्हाळ्यात तेच सीलमधून बाहेर येते.

कोठे थांबावे

द्रवाच्या यंत्राचे मुख्य झाकण घरी उघडू नये. ते फार घट्ट बसवलेले असते, त्यासाठी खास पाना लागतो, आणि छिन्नी-हातोडा किंवा गॅसची ज्योत लावली की ओतीव घर तडकते. टेलिकंट्रोलच्या नळ्या दाबाखाली असू शकतात, म्हणून त्याही सोडवू नयेत. द्रव आणि घर्षण एकत्र वापरणारे ‘द राम’ नावाचे फ्रेंच यंत्र, जे बुगाटीच्या टाइप ५९ वर होते, तुमच्या गाडीवर निघाले, तर त्याला फडक्यापलीकडे काहीही लावू नये. हार्टफर्डच्या चकत्यांच्या जागी पूर्वी कोणी ब्रेक लायनिंगचे तुकडे बसवले असतील, तर त्यांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता गृहीत धरावी. ते घासू नयेत, हवेने फुंकू नयेत. ओल्या फडक्याने झाकून जाणकाराकडे द्यावेत. चासीला तडा असेल, स्टिअरिंगच्या जोडण्यांतही ढिलाई असेल, किंवा गाडी एका बाजूला खेचत असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत ती रस्त्यावर काढू नये.

जाणकार निवडताना त्याने जुन्या गाडीचे लिव्हरचे (म्हणजे वर सांगितलेल्या दांड्याचे) शॉक ॲब्सॉर्बर उघडले आहेत का, हे सरळ विचारावे. आजच्या नळकांडी प्रकारावरचा अनुभव येथे पुरत नाही. डावा आणि उजवा असे दोन्ही नग एकत्र द्यावेत, प्रत्येकाला चाकाचे नाव लिहिलेली चिठ्ठी तारेने बांधावी, आणि छायाचित्रे, कागदावर उमटवलेली अक्षरे, आट्यांचे माप व वजनकाट्याचे आकडे सोबत द्यावेत. न विचारता पॉलिश, मुलामा किंवा वेल्डिंग करू नये आणि काढलेला प्रत्येक जुना वॉशर परत द्यावा, हे कामाच्या पावतीवर लिहून घ्यावे.